ऐकू न येणाऱ्याचा डाव

(बी. ए. द्वितीय वर्ष)

मोबाइलवरच्या खेळांविषयी आपल्याकडे दोनच प्रकारचे लेखन होते. एक, तरुण पिढी वाया चालली असे सांगणारे. आणि दुसरे, त्यातही भवितव्य आहे असे सांगणारे. वक्तृत्व स्पर्धेत या दोन्ही बाजू दरवर्षी मांडल्या जातात आणि मला जेवढ्या ऐकू येतात तेवढ्या मी ऐकतोही. आज मला या दोन्ही बाजू सोडून तिसराच प्रश्न मांडायचा आहे. तो असा की, या खेळात शिरण्याचा दरवाजा कोणासाठी उघडा आहे आणि कोणासाठी अर्धाच? हा प्रश्न मला सुचतो, कारण मी त्या अर्ध्या दरवाजात उभा आहे. माझ्या डाव्या कानाला जवळजवळ ऐकू येत नाही आणि उजव्या कानाला कमी येते. उजव्या कानात यंत्र असते.

मी मोहाडी तालुक्यातल्या एका लहान गावचा. आई धानाच्या रोवण्याला जाते, बाबा राईस मिलमध्ये हमाली करतात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. गावात मला ‘भैरा’ म्हणतात. त्यात फारसा दुष्टावा नसतो. एखाद्याला उंच म्हणावे, काळा म्हणावे, तसेच ते. परंतु मराठीत एक शब्द असा आहे की ज्याने मला ‘भैरा’पेक्षा अधिक त्रास दिला. तो म्हणजे ‘ऐकत नाही’. ज्याला ऐकू येत नाही तोही ‘ऐकत नाही’ आणि जो उर्मट आहे, आज्ञा मोडतो, तोही ‘ऐकत नाही’. आपल्या भाषेत ऐकणे म्हणजेच मानणे. म्हणून शाळेत मागच्या बाकावरून ज्याला ऐकू आले नाही, त्याला न मानल्याची शिक्षा मिळते. मला ती पुष्कळदा मिळाली.

आमच्या गावचे जुने खेळ मात्र डोळ्यांचे होते. विटीदांडूत विटी दिसते. कबड्डीत ‘कबड्डी कबड्डी’ हा दम पंचाला ऐकू आला पाहिजे. चढाईवाल्याचे पाय मात्र मला दिसतात. दिवाळीनंतर शंकरपट भरतो, तेथेही बैलजोडी दिसते आणि धुरळाही दिसतो. अशा खेळांत मी कधी मागे पडलो नाही. मग २०१६ च्या अखेरीस स्वस्त इंटरनेट आले, २०१८ मध्ये पब्जी मोबाइल आला, आणि पारावरची मुले माना खाली घालून बसू लागली. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने त्या खेळावर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने परत आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा बंद झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. या येण्याजाण्यात आमच्या पिढीचे लहानपण सरले.

ज्या प्राध्यापक मंडळींनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शंभरपर्यंत खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात. चौघांचा एक चमू. हत्यारे शोधायची, घरांत लपायचे, दुसऱ्या चमूंशी झुंजायचे. सुरक्षित जागेचे वर्तुळ हळूहळू आकसत जाते आणि शेवटी जो चमू उरतो तो जिंकतो. चौघे चार गावांत असले तरी चालते; कारण माईकवरून बोलता येते. वरून पाहणाऱ्याला वाटते, हा डोळ्यांचा आणि बोटांचा खेळ आहे. प्रत्यक्षात त्याचा अर्धा भाग कानांचा आहे.

लपलेला शत्रू दिसत नाही, त्याची पावले ऐकू येतात. पावले डावीकडून येत आहेत की उजवीकडून, लाकडी जिन्यावरची आहेत की गवतावरची, गोळी दूरच्या टेकडीवरून सुटली की शेजारच्या खोलीतून, हे सारे कान सांगतो. माणसाला दोन कान आहेत ते शोभेसाठी नव्हेत. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला आधी पोचतो आणि उजव्या कानाला सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी काळाने मागाहून. शिवाय मध्ये डोके आल्याने तो थोडा मंदही होतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. ज्याचा एक कान गेला, त्याला आवाज आला हे कळते, पण कुठून आला हे कळत नाही. फोनच्या मांडणीत दोन्ही बाजूंचे आवाज एकत्र करून एकाच कानात देण्याची सोय असते. ती मी वापरतो. तिच्यामुळे डावीकडचा आवाज हरवत नाही, परंतु तो डावीकडचा होता ही गोष्ट हरवते.

दुसरी अडचण बोलण्याची. पुष्कळ लोकांना वाटते की कमी ऐकू येणे म्हणजे रेडिओचा आवाज बारीक होणे. मोठ्याने बोलले की झाले. तसे नसते. बहुधा उंच पट्टीचे सूर आधी जातात. ‘स’, ‘श’, ‘च’, ‘फ’ अशी व्यंजने त्या पट्टीत असतात, तर ‘आ’, ‘ओ’ हे स्वर खालच्या पट्टीत. त्यामुळे समोरचा बोलतो हे ऐकू येते, पण काय बोलतो ते कळत नाही. समोरासमोर असलो तर ओठ पाहून मी उरलेले जुळवतो. माईकवर ओठ नसतात. त्यात बंदुकांचे आवाज, कोणाच्या घरचा पंखा, कोणाच्या अंगणातला कुत्रा. कानातल्या यंत्रावर हेडफोन दाबला की यंत्र शिट्टी मारते. यंत्र काढून हेडफोन घातला की माझ्या कानाला लागणारी नेमकी वाढ मिळत नाही. दोन्हींपैकी एक निवडायचे आणि दोन्हींत काहीतरी गमवायचे.

अशा स्थितीत अनोळखी चमूत शिरलो की पहिला प्रश्न येतो, ‘माईक चालू कर.’ मी लिहून कळवतो की मला कमी ऐकू येते, लिहून सांगा. लढाई चालू असताना लिहायला कोणाला सवड असते? चार-दोन वाक्ये मोठ्याने बोलली जातात, पडद्यावर कोणाच्या नावापुढे आवाजाची खूण लुकलुकताना मला दिसते, म्हणजे माझ्याविषयीच काही चालले आहे एवढे कळते. मग खेळ संपतो आणि पुढच्या डावात मी चमूत नसतो. कोणी ‘नवशिका’ म्हणतो, कोणी ‘मठ्ठ’ म्हणतो. आपल्याच माणसाने आपल्याला गोळी घातल्याचाही अनुभव मी घेतला आहे. मठ्ठपणा आणि बहिरेपणा यांतला फरक न ओळखणे ही आपल्या समाजाची जुनी सवय आहे. खेळ नवा, सवय तीच.

परंतु याच खेळाने मला एक गोष्ट शिकवली, आणि तिच्यासाठीच हा लेख आहे. पडद्याच्या कोपऱ्यात एक लहानसा नकाशा असतो. जवळपास कोणी चालले तर त्यावर पावलांची खूण उमटते, गोळी सुटली तर गोळीची, गाडी आली तर गाडीची. ज्या क्षणी ती खूण उमटते त्या क्षणी मी बहिरा नसतो. शत्रू ईशान्येला आहे हे हेडफोनवाल्याला कानाने कळले, मला डोळ्याने. ती खूण पटकन विरते, तिच्याकडे पाहताना नेमावरची नजर हलते आणि शत्रू वरच्या मजल्यावर आहे की खालच्या हे तिच्यावरून मला नेहमी उमगत नाही, हे खरे. तरीही फरक फार मोठा आहे. तीच गोष्ट बोलण्याची. नकाशावर बोट ठेवले की जागेची खूण चौघांनाही दिसते. ‘समोर शत्रू आहे’, ‘मदत हवी’ अशी तयार वाक्ये एका बोटात पाठवता येतात. गावातल्या तीन मित्रांबरोबर मी खेळतो तेव्हा आमचा नियमच आहे की आधी खूण, मग बोलणे. मागची बाजू माझ्याकडे असते, कारण माझी नजर सतत फिरत असते. आम्ही जिंकतोही आणि हरतोही. पण मी आहे म्हणून हरलो, असे त्यांच्यातले कोणी म्हणत नाही.

आता विचार करा. माझे कान तेच. एका चमूत मी निरुपयोगी आणि दुसऱ्यात कामाचा. मग उणीव माझ्या कानात किती आणि मांडणीत किती? मला वाटते, निम्मी तरी मांडणीत आहे, आणि मांडणी माणसाने केलेली असते; म्हणजे ती माणसाला बदलता येते.

जगात ती बदलली जात आहे. ‘माइनक्राफ्ट’ या खेळात २०१६ पासून प्रत्येक आवाज अक्षरांत दाखवण्याची सोय आहे आणि तो कोणत्या बाजूने आला याचा बाणही असतो. ‘फोर्टनाइट’ने २०१८ मध्ये मोबाइलवर आणि २०१९ मध्ये संगणकावर, खेळाडूभोवतीच्या वर्तुळात पावलांची, गोळ्यांची खूण दिशेसह दाखवायला सुरुवात केली. २०१९ मध्येच अमेरिकेत इवॉक या नावाने खेळणारा, ऐकू न येणारा तेरा वर्षांचा खेळाडू त्याच खेळातील कौशल्यावर एका नामांकित व्यावसायिक संघात घेतला गेला. त्याच वर्षी आलेल्या ‘एपेक्स लेजंड्स’मध्ये एका कळीने शत्रू, हत्यार, वाट असे सारे सोबत्यांना दाखवता येऊ लागले, ऐकू येणाऱ्या खेळाडूंनीच त्याची सर्वांत जास्त वाहवा केली, कारण अनोळखी माणसाशी बोलायचा संकोच कोणाला नसतो? अमेरिकेत २०१० च्या एका कायद्याने संदेशवहनाच्या साधनांत अपंगांची सोय करणे बंधनकारक केले. खेळांना त्यातून दिलेली सूट ३१ डिसेंबर २०१८ रोजी संपली. त्यानंतरच्या नव्या खेळांत खेळाडूंच्या आपसातल्या संभाषणाचा विचार करावा लागतो. पावलांच्या आवाजाला तो कायदा लागू नाही. ते अजून कंपन्यांच्या मर्जीवरच आहे.

येथे काही मित्र आक्षेप घेतील की अशा खुणा दिल्या तर खेळ सोपा होतो, मग कौशल्य ते काय राहिले? याचे उत्तर सोपे आहे. खूण सर्वांनाच दिसते. मला ती अधिक दिसत नाही. शिवाय, कोणत्या इंद्रियाने माहिती घ्यावी हे कौशल्य नव्हे. माहिती मिळाल्यावर काय करावे हे कौशल्य. चष्मा लावून क्रिकेट खेळणाऱ्याला आपण लबाड म्हणत नाही. बधिरांचे ऑलिंपिक म्हणजे डेफलिंपिक्स १९२४ साली पॅरिसमध्ये सुरू झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते टोकियोला भरले. तेथे शर्यत सुरू होते ती दिव्याच्या इशाऱ्यावर. दिव्यामुळे कोणाचे पाय वेगाने धावू लागले असे झाले नाही. एवढेच झाले की सर्वांची शर्यत एकाच क्षणी सुरू झाली. आणि कधी कधी बहिऱ्यांची सोय साऱ्या जगाची रीत बनते. अमेरिकन फुटबॉलमध्ये खेळाडू गोल करून, डोकी जवळ आणून पुढची चाल ठरवतात. ही रीत १८९० च्या दशकात गॅलॉडेट या बधिरांच्या महाविद्यालयातील खेळाडूंनी, आपली खुणांची भाषा प्रतिस्पर्ध्याला दिसू नये म्हणून काढली, असे सांगितले जाते. आज ऐकू येणारे सारे संघ तसेच उभे राहतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शिक्षण, नोकरी, उपचार असे मोठे प्रश्न पडलेले असताना खेळाचे काय घेऊन बसलास? २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ५० लाख ७० हजार लोकांनी ऐकण्याचे अपंगत्व नोंदवले. त्यांच्यापैकी कितीकांना यंत्रही मिळाले नसेल, हे मी माझ्याच गावाकडे पाहून समजू शकतो. तरीही मी म्हणतो की खेळ ही लहान गोष्ट नाही. पूर्वी संध्याकाळी मुले पारावर जमत, आता चमूत जमतात. कोणाचे लग्न ठरले, पोलीस भरतीचा अर्ज कधी निघाला, कोणत्या गाडीत पुण्याला कामासाठी जागा आहे, या गोष्टी खेळता खेळता बोलल्या जातात. जो चमूत नाही तो त्या बोलण्यातही नाही. ऐकू न येणाऱ्याचे खरे दुःख आवाजाचे नसते, एकटेपणाचे असते. सगळे हसतात तेव्हा आपणही हसायचे, आणि कशाला हसलो ते रात्री कोणाला तरी विचारायचे, हे ज्याने केले आहे त्यालाच ते कळेल.

आपला कायदाही खेळाला क्षुल्लक मानत नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा एप्रिल २०१७ मध्ये अमलात आला. त्याच्या २९ व्या कलमात संस्कृती आणि मनोरंजनाचा, ३० व्या कलमात क्रीडेचा अधिकार आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-क्रीडेला प्रोत्साहन द्यायचे ठरवले. पैशांच्या खेळांनी जी घरे बुडाली त्यांच्यासाठी ती बंदी योग्यच झाली, असे माझे मत आहे. खेळाचे व्यसन आणि अभ्यासाचे नुकसान यांविषयी वडीलधारे सांगतात तेही मला मान्य आहे; आमच्याकडे रोवण्याच्या दिवसांत फोन घरीच राहतो. परंतु ई-क्रीडा ही जर क्रीडा असेल, तर ३० वे कलम तिलाही लागू व्हायला नको काय? हा प्रश्न मी राज्यशास्त्राच्या वर्गमित्रांपुढे चर्चेसाठी ठेवतो.

याच कायद्याची आणखी एक बाजू सांगितली पाहिजे. त्यात दोन्ही कानांची हानी ७० डेसिबल असेल तर ‘बधिर’ आणि ६० ते ७० असेल तर ‘कमी ऐकू येणारा’ अशी व्याख्या आहे. डेफलिंपिक्समध्ये मात्र चांगल्या कानाची हानी ५५ डेसिबल असली तरी खेळता येते. माझा डावा कान कधीच त्या रेषेपलीकडे गेला. उजवा अलीकडे आहे. म्हणून कागदावर मी अपंग नाही. सवलत मागायला गेलो तर मी धडधाकट, आणि वर्गात बसलो की बहिरा. माझ्यासारखे अनेक असतील. त्यांच्यासाठी प्रमाणपत्र नाही, म्हणून राखीव जागा नाही, आणि म्हणून त्यांची मोजदादही नाही. अशांना कायद्यापेक्षा शेजाऱ्याच्या समजूतदारपणावरच अधिक अवलंबून राहावे लागते. म्हणूनच मी हा लेख सरकारला उद्देशून न लिहिता आपल्या वार्षिकांकात लिहीत आहे.

कारण खेळातला तो लहानसा नकाशा वर्गातही हवा आहे. प्राध्यापक फळ्याकडे तोंड करून बोलतात तेव्हा माझ्या नकाशावरची खूण विझते. तेच वाक्य आमच्याकडे वळून म्हटले, किंवा त्यातला मुख्य शब्द फळ्यावर लिहिला, तर खूण पुन्हा उमटते. परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख तोंडी सांगितली तर ती मला मित्राकडून कळते, आणि मित्र त्या दिवशी आला नसेल तर कळतच नाही. सूचना फलकावर किंवा वर्गाच्या व्हॉट्सअॅप समूहावर लिहिली तर मला कोणाच्या दयेची गरज उरत नाही. बोललेले लिहून दाखवणारी सोय २०१९ पासून फोनमध्ये आली आहे आणि तिला मराठीही येते. पण ती प्रमाण मराठी आहे. आमच्याकडची बोली सुरू झाली की ती काहीचे काही लिहिते. यंत्र सुधारेल तेव्हा सुधारेल. तोवर माणसाने वळून बोलायला काय हरकत आहे?

स्नेहसंमेलनात मोबाइलवरील खेळांच्या स्पर्धा आता अनेक महाविद्यालयांत होतात. आपल्याकडे जेव्हा होईल तेव्हासाठी माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, माईक लावलाच पाहिजे असा नियम करू नये. दुसरी, पावलांच्या आणि गोळ्यांच्या खुणा सर्वांसाठी चालू ठेवाव्यात. तिसरी, कोणाचा चमू कधी खेळणार हे नुसते ध्वनिक्षेपकावरून न पुकारता फळ्यावरही लिहावे आणि डावाचा इशारा हात उंचावून द्यावा. या तिन्हींना एक पैसाही खर्च नाही. विद्यार्थ्यांकडे मागणे त्याहून लहान आहे. मला हाक मारून उत्तर मिळाले नाही तर ‘ऐकत नाही’ म्हणू नका. खांद्यावर हात ठेवा. आणि एखादी गोष्ट मी पुन्हा विचारली तर ‘जाऊ दे, काही नाही’ असे म्हणू नका. जे तुम्हाला काही नाही वाटते, तेवढेच माझे ऐकायचे राहिलेले असते.

आम्हाला कोणी मुद्दाम जिंकू द्यावे अशी आमची मागणी नाही. खेळात दया दाखवली की खेळ संपतो. डाव अवघड असू द्या, प्रतिस्पर्धी बलाढ्य असू द्या, आम्ही हरलो तर हरू द्या. फक्त डाव आमच्या डोळ्यांना दिसू द्या. पुढचे आम्ही पाहून घेऊ.